एक सांगाडा, दोन स्वार: उद्यमनगरात बनलेल्या मोशन प्लॅटफॉर्मचं प्रकरण

मागण्या दोन होत्या आणि त्या एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. थोरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला. शिफ्ट सुटली की रात्री संगणकावर असेटो कोर्सात गाडी पळवायची, हा त्याचा नाद. धाकटा त्याचा चुलत भाऊ, बारामतीला वैमानिकाचं प्रशिक्षण घेणारा. सुट्टीला घरी आला की एक्स-प्लेनमध्ये उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या धावपट्टीवरून (वैमानिकांच्या भाषेत व्हीएकेपी) सेस्ना उडवत बसायचा. दोघांना हलणारं कॉकपिट, म्हणजे मोशन प्लॅटफॉर्म, हवं होतं आणि पैसे एकाचेच होते. म्हणून सांगाडा एकच करायचा ठरला. जागा थोरल्याच्या मामांची, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथच्या शेडमधला कोपरा. मी कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो, त्यामुळे मोटरी फिरवायची वेळ आली तेव्हा मला बोलावणं आलं.

सुरुवातीला तिघांचीही एक समजूत पक्की होती: पडद्यावर विमान ३० अंश झुकलं की खुर्चीही ३० अंश झुकली पाहिजे. ती किती चुकीची आहे हे कळायला बराच काळ आणि बरंच लोखंड गेलं. ह्या प्रकरणातली बहुतेक भांडणं तिच्यातूनच निघाली.

खुर्ची हलवून माणसाला उडवल्याचा भास देण्याचा उद्योग नवा नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली आपला ट्रेनर बनवला. त्यांच्या वडिलांचा बिंगहॅम्टनमध्ये ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता, आणि ट्रेनर हलवायला त्यांनी ऑर्गनचेच भाते वापरले. आज सहा पायांवर डोलणारे जे मोठे सिम्युलेटर दिसतात, त्यांचा सांगाडा आधी टायर तपासण्यासाठी जन्मला: डनलॉपमध्ये गॉ यांनी १९५४च्या सुमारास तसं यंत्र उभं केलं. पुढे १९६५ साली स्टुअर्ट यांनी फ्लाइट सिम्युलेटरसाठी सहा दिशांनी हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर निबंध लिहिला, आणि नाव त्यांचंच चिकटलं.

थोरल्याला अर्थातच सहा पाय हवे होते. मग चार पायांचा विचार झाला: ७५० वॉटचे सर्वो, म्हणजे सांगितलेल्या जागी नेमक्या थांबणाऱ्या मोटरी, आणि फिरणं सरळ रेट्यात बदलणारा १६०५चा बॉल स्क्रू. हिशेब तोंडी करता येतो. ५ मिलिमीटर पिच आणि मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटर वेग. २.४ न्यूटन-मीटरची मोटर घर्षण वजा जाता एकेका पायाला अडीचशे किलोहून जास्त रेटा देते. ताकद भरपूर आहे. पण चार सर्वो, चार ड्राइव्ह आणि चार स्क्रू घ्यायचे तर थोरल्याच्या बजेटचं नाव काढायला नको. दुसरं असं की बॉल स्क्रू उलटा फिरतो. लाइट गेली आणि मोटरीला ब्रेक नसला, तर माणसासकट सगळं खाली बसतं. उद्यमनगरात लाइट जाते. तेव्हा ठरलं की दोन अक्षच घ्यायचे, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे, आणि मोटरी वर्म गिअरच्या. वर्म म्हणजे दातेरी चाक फिरवणारा आट्यांचा दांडा; चाकाकडून जोर आला तर तो उलटा फिरत नाही. वीज गेली की खुर्ची आहे तिथेच थिजते.

मोटरी ट्रकच्या वायपरच्या, २४ व्होल्टच्या. तावडे हॉटेलकडच्या एका गॅरेजातून जुन्या उचलल्या. सीट अपघातातल्या एका मारुतीची. मधला सांधा म्हणून मामांनी टेम्पोच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस काढून दिला.

"मामा, प्ले हाय वं जरा ह्यात," थोरला म्हणाला.

"ग्रीस भर, बसतंय मग. टेम्पो वढतोय त्यो, तुझं वजन ते काय!"

वजनाबद्दल मामा बरोबर होते. प्लेबद्दल, म्हणजे सांध्यातल्या ढिलेपणाबद्दल, मात्र नव्हते.

सीटच्या खाली मध्यभागी क्रॉस आणि पाठीमागे दोन कोपऱ्यांना दोन मोटरी, प्रत्येकीचा एक दांडा सीटला जोडलेला. दोन्ही दांडे एकत्र वर गेले की खुर्ची पुढे झुकते, एक वर आणि एक खाली गेला की बाजूला कलते. मोटरीच्या शाफ्टवर ५० मिलिमीटरची क्रँक, दांड्याचं टोक सांध्यापासून ३०० मिलिमीटरवर. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण साडेनऊ अंश. भाराखाली मोटर मिनिटाला ४० फेरे देत असेल तर मध्याजवळ खुर्चीचा वेग सेकंदाला ४० अंशांच्या घरात जातो. हे पुरेसं आहे.

पहिल्याच दिवशी फ्यूज उडाले. वायपरच्या मोटरीची एक खोड तिच्याबरोबर गाडीतूनच येते: अशा मोटरींत बऱ्याचदा एक ब्रश आतूनच बॉडीला अर्थ केलेला असतो. गाडीत त्याची अडचण होत नाही, कारण तिथे मोटर एकाच दिशेला फिरते आणि चासी निगेटिव्हच असते. इथे एच-ब्रिजने, म्हणजे मोटर दोन्हीकडे फिरवणाऱ्या सर्किटने, दिशा उलटवली की मोटरीची बॉडी पॉझिटिव्ह होते. दोन मोटरी एकाच लोखंडी सांगाड्यावर बोल्टने आवळलेल्या, एक पुढे आणि दुसरी मागे जात असेल तर सांगाड्यातूनच शॉर्ट. उपाय हाच की मोटर उघडायची, अर्थचा तो टाका तोडायचा आणि स्वतंत्र वायर बाहेर काढायची. मोटर उघडलीच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. तीन ब्रशांपैकी जास्त वेगाचा ब्रश तिरका बसवलेला असतो, त्याच्यावर मोटर दोन्ही दिशांना सारखी फिरत नाही. म्हणून समोरासमोरचे दोनच ब्रश वापरायचे. आणि आर्मेचरच्या टोकाला जो स्क्रू असतो, तो एण्ड-प्लेसाठी, म्हणजे आर्मेचरची लांबीतली सरक काढायला. वर्मचा रेटा गाडीत एकाच बाजूला येतो, इथे दर पालटाला बाजू बदलतो, आणि स्क्रू सैल असेल तर प्रत्येक वेळी 'टक्' असा ठोका पाठीत बसतो. मामांनी तो कानाने ऐकून आवळला. मला मीटर लावायची गरज पडली नाही.

यंत्र हललं. थोरल्याने पहिल्या वळणाच्या आधी ब्रेक मारला आणि लगेच शिवी घातली. सीट पुढे झुकली होती, पण पेडल जमिनीवर होते. सीट हलली की पाय आणि पेडल यांच्यातलं अंतर बदलायचं, आणि ब्रेकवर जितका दाब द्यायचा तितका नेमका देताच येईना. नुसती सीट हलवणारे सांगाडे लोक बनवतात आणि त्यांत रमतातही. पण ज्याला ब्रेक मोजून दाबायचा आहे त्याने स्टिअरिंग आणि पेडल सांगाड्यावरच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घेतले. चौकोनी पाइपची लांब फ्रेम झाली, माणसासकट वजन १५० किलोंपर्यंत गेलं, आणि मोटरी रडायला लागल्या.

नवख्या लोकांना वाटतं की मोटर कमी पडते. कमी पडतो तो विचार. सांध्याच्या वर जितकं उंच वजन, तितका ते तिरपं झालं की खाली ओढण्याचा जोर. मामांच्या क्रॉसवर बसवलेल्या फ्रेमचा गुरुत्वमध्य सांध्याच्या २५ सेंटिमीटर वर होता. १५० किलो, २५ सेंटिमीटर, साडेनऊ अंश: नुसतं धरून ठेवायलाच ६० न्यूटन-मीटर. हालचाल करवायचा जोर त्याच्या वर वेगळा.

गुरुत्वमध्याची उंची कशी काढली ते सांगण्यासारखं आहे, कारण ते घरात कुणालाही जमेल. फ्रेमच्या पुढच्या आणि मागच्या टोकाखाली एकेक घरगुती वजनकाटा ठेवला. आधी फ्रेम सपाट ठेवून दोन्ही आकडे लिहिले. मग मागची बाजू ठोकळे लावून ठरावीक अंशाने उचलली. पुढच्या काट्यावर वजन जितकं वाढलं, त्याला दोन काट्यांमधल्या अंतराने गुणायचं, आणि एकूण वजन गुणिले कोनाचा टॅन्जंट, याने भागायचं. आली उंची. ती काट्याच्या टेकूपासूनची असते, एवढं लक्षात ठेवायचं. धाकटा सीटमध्ये अजिबात न हलता बसून राहिला, हे त्याचं ह्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम.

आकडा बघितल्यावर क्रॉस बाजूला ठेवावाच लागला. मामांना ते लागलं. त्याच्या जागी दोन चौकटी आल्या, एकीत दुसरी. बाहेरची चौकट दोन बाजूंच्या खांबांवर, माणसाच्या कमरेच्या उंचीला, प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगच्या ओतीव घरात) टांगलेली. आतली चौकट पुढच्या आणि मागच्या प्लमर ब्लॉकवर कलणारी. बेअरिंग यूसीपी २०५, २५ मिलिमीटरचा शाफ्ट, उद्यमनगरात कुठल्याही दुकानात मिळणारं. गुरुत्वमध्य आता सांध्याच्या जेमतेम ५ सेंटिमीटर वर, म्हणजे ६०चे १२ न्यूटन-मीटर झाले. त्याच मोटरी, तीच क्रँक. चढताना खांबाला मांडी घासते, पण क्रॉसमधला प्लेही त्याच्याबरोबरच गेला.

विजेची भानगड याच्या नंतरची. कंट्रोलर साधा होता: अर्डुइनो, त्यावर एसएमसी३ नावाचं फुकट मिळणारं प्रोग्रामिंग, बीटीएस७९६० चिपचे मोटर ड्रायव्हर आणि क्रँकची जागा सांगायला पोटेन्शिओमीटर. (पोटेन्शिओमीटर नंतर काढून चुंबकाचे हॉल सेन्सर लावले. रोज रात्री घासणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा मधला भाग लवकर झिजतो, आणि खुर्ची नेमकी मध्यावर थरथरते.) सप्लाय २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेची डीसी करणारा डबा. सरळ रस्त्यावर सगळं गोड चालायचं. एस वळणात, डावीकडून झटक्यात उजवीकडे जाताना, सप्लाय बंद पडायचा.

थोरल्याचं म्हणणं, अँपिअर कमी पडतात, मोठा सप्लाय घेऊ. मी ऑसिलोस्कोप लावला. व्होल्टेज पडत नव्हतं, चढत होतं. फिरती मोटर थांबवली की ती जनरेटर होते, आर्मेचरमधली ऊर्जा तारेतून परत येते. बॅटरी असती तर तिने ती गिळली असती. एसएमपीएसला परत घेता येत नाही, तो ओव्हरव्होल्टेज समजून डोळे मिटतो. आणि बीटीएस७९६० चिपही साडेसत्तावीस व्होल्टच्या पुढे भरवशाची राहत नाही, तिचं स्वतःचं कुलूप लागतं. मोठा सप्लाय आणला असता तरी तोही तसाच पडला असता.

२६ व्होल्ट ओलांडले की मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू करून जादा वीज जाळायची, असं छोटं सर्किट केलं. जाळायला रेझिस्टर हवा होता. मामांच्या कपाटात ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा हॅलोजन बल्ब होता, तोच लावला. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, त्यामुळे झटका गिळायला तो उत्तम. फक्त मॉसफेट त्या पहिल्या उसळीला पुरेल असा दांडगा घ्यायचा. आता थोरला एस वळणात शिरला की शेडच्या भिंतीवर उजेड लुकलुकतो, आणि किती आडदांडपणे चालवतोय ते खुर्चीत न बसताही समजतं.

इथपर्यंत सगळं लोखंड आणि तांबं. खरं प्रकरण पुढे आहे.

धाकटा सुट्टीवर आला आणि खुर्चीत बसला. प्रोफाइल थोरल्याने केलेलं: विमानाचा कोन जेवढा, त्या प्रमाणात खुर्चीचा कोन. उजळाईवाडीवरून उड्डाण, शहराकडे डावं वळण, ३० अंशांचा झुकाव. खुर्ची साडेनऊ अंशांवर जाऊन थांबली आणि वळण संपेपर्यंत तशीच राहिली. धाकटा डाव्या कुशीवर लोंबकळत होता. उतरल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड धुतलं.

"दादा, हे विमान न्हाई. हे घसरगुंडीवर बसल्यागत वाटतंय."

"आरं पण झुकलंय न्हवं विमान? पडद्यावर बघ की."

"झुकलंय. पण खऱ्या विमानात डोळं झाकून बसलास तर वळतंय का सरळ चाललंय, कळतच न्हाई. बॉल मधी असला की वजन सरळ बुडाखालीच येतंय."

बॉल म्हणजे विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी. हेच मुख्य आहे. नीट घेतलेल्या वळणात विमानावरचा एकूण जोर सीटला काटकोनातच राहतो. ३० अंशांच्या वळणात माणूस १.१५ पट जड होतो, ६० अंशांच्या वळणात दुप्पट, पण बाजूला घसरत नाही. ढगात शिरलेले वैमानिक आपण सरळ आहोत असं समजून तिरके उडत राहतात ते यामुळेच, आणि म्हणून त्यांना अंगाच्या जाणिवेवर नाही तर उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवतात. खुर्चीने दाखवायची असते ती वळण सुरू होतानाची कलंडण्याची सुरुवात, आणि मग कुणाला कळणार नाही अशा बेताने मध्यावर परत यायचं. सिम्युलेटरवाले याला वॉशआउट म्हणतात. प्लॅटफॉर्म वाहनाची नक्कल करत नाही, तो आपल्या कानाला फसवतो.

कानात दोन यंत्रणा आहेत. अर्धवर्तुळाकार नलिका फिरणं ओळखतात, पण सेकंदाला साधारण ३ अंशांहून सावकाश फिरवलं तर त्यांना पत्ता लागत नाही. दुसरे ऑटोलिथ, ते वेगवाढ ओळखतात, पण वेगवाढ आणि तिरकं होणं यांतला फरक त्यांना एकट्याने करता येत नाही. खुर्ची सावकाश मागे कलंडवली आणि पडद्यावर धावपट्टी सरळच ठेवली, तर गुरुत्वाकर्षणाचा जो वाटा पाठीवर येतो त्याला मेंदू वेगवाढ समजतो.

मग आकडे जुळवले. सेस्ना १७२ समुद्रसपाटीला ३०० मीटरच्या आसपास धावून ५५ नॉटला नाक उचलते. सरासरी वेगवाढ निघते साधारण ०.१३ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढी वेगवाढ), आणि तेवढं पाठीवर यायला साडेसात अंश पुरतात. आमच्याकडे साडेनऊ होते. सेकंदाला ३ अंशांनी अडीच सेकंदांत खुर्ची तिथे पोचते, आणि विमान तर पंधरा सेकंदांहून जास्त धावत असतं. म्हणजे छोट्या विमानाचं धावणं हा गरीब सांगाडा जवळजवळ प्रामाणिकपणे दाखवू शकतो. प्रोफाइल बदलून मामांना बसवलं. थ्रॉटल पुढे गेला, खुर्ची कळत-नकळत मागे कलली, आणि मामांनी दोन्ही हातांनी फ्रेम धरली. "आरं, पोटात गोळा आला की रं!" वेग शून्य होता, शेड जागच्या जागी होती.

थोरल्याच्या गाडीला हे लागू होत नाही. रस्त्यावरची गाडी जोरात ब्रेक मारताना १ जीच्या जवळ जाते. आमच्या साडेनऊ अंशांतून मिळतात ०.१६ जी, म्हणजे सहावा हिस्सा. शिवाय ३ अंशांच्या चोरपावलांनी तिथवर जायला तीन सेकंद लागतात, तेवढ्यात ब्रेकिंग संपून गाडी वळणात शिरलेली असते. म्हणून रेसिंगमध्ये चोरी सोडायची आणि झटका उघड द्यायचा. प्रमाणही सरळ रेषेत ठेवायचं नाही: पहिल्या अर्ध्या जीला बहुतेक सगळा पल्ला खर्चून टाकायचा आणि वरच्या अर्ध्यासाठी थोडा राखायचा. हलक्या ब्रेकमधला फरक हाताला लागतो, जोराच्या ब्रेकमधला फरक पडदा आणि स्टिअरिंग सांगतात.

दिशेवरूनही वाद झाले. डाव्या वळणात अंग उजवीकडे फेकलं जातं, म्हणून खुर्ची उजवीकडे कलते. बघायला आलेल्या दुचाकीवाल्या दोस्तांना हे उलटं वाटायचं, त्यांचं शरीर आत झुकायला सरावलेलं. कोल्हापूरच्या गो-कार्ट ट्रॅकवर ज्याच्या बरगड्या सीटच्या कडेला शेकल्या होत्या, त्याला मात्र सांगावं लागलं नाही.

तरीही थोरल्याला दहा मिनिटांत मळमळायचं. कारण विलंबात होतं. खुर्ची मऊ चालावी म्हणून त्याने सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग वाढवत नेलं होतं, आणि प्रत्येक पायरीला हालचाल मागे पडत गेली. आम्ही मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन काढलं, पडदा आणि खुर्ची दोन्ही एका चौकटीत. पडद्यावर गाडी वळल्यापासून खुर्ची हलेपर्यंत ४३ फ्रेम, म्हणजे १८० मिलिसेकंद. स्मूदिंग खाली आणलं, ठोके कमी करायचं काम पीआयडीच्या, म्हणजे मोटरीला ठरल्या जागी नेणाऱ्या कंट्रोलरमधल्या गणिताच्या, आकड्यांवर सोपवलं, तेव्हा २० फ्रेमवर आलं. खुर्ची आधीपेक्षा खडबडीत झाली आणि मळमळ गेली. ज्याला पोटाचा त्रास होतो त्याने आधी फ्रेम मोजाव्यात, लिंबू-आलं नंतर.

इंजिनाची थरथर मोटरींकडून मागू नये. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० वेळा धडधडतं, वायपरच्या मोटरीला दोन-चार वेळाही जड जातं. सीटखाली रबरी बुशवर बास शेकर (खर्जाच्या आवाजावर सीट थरथरवणारं यंत्र) आवळला आणि जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त खरेपणा यानेच दिला, हे मामाही कबूल करतात.

सुरक्षेचं काम मी हट्टाने करून घेतलं. हाताशी लाल मशरूम बटण, जे सॉफ्टवेअरला न विचारता मोटरींची वीज तोडतं. क्रँकभोवती पत्र्याचं आवरण, कारण शेडमध्ये लहान मुलं येतात आणि त्या फटीत बोट सहज जातं. दांड्यांना नायलॉक नट. सीटबेल्ट.

आता दोन प्रोफाइल आहेत आणि तिसऱ्या मोटरीवरून भांडण चालू आहे. धाकट्याला वर-खाली हालचाल हवी, म्हणजे उतरताना चाकं टेकल्याचा दणका आणि हवेतले खड्डे. थोरल्याला सांगाड्याचं मागचं टोक आडवं सरकायला हवं, म्हणजे मागची चाकं सुटल्याचं कळेल. मी थोरल्याच्या बाजूने आहे, आणि कारण त्याचा नाद नव्हे. १५० किलो सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने उचलायला नुसते ३०० वॉट लागतात, गिअरचा ऱ्हास धरला तर वर्मच्या मोटरीचा दमच निघेल. शिवाय त्या दिशेला वजनाला तोलायला काहीच नाही, भक्कम स्प्रिंग लावल्याशिवाय चालणार नाही. आडवं सरकवायला मात्र खाली चाकं आणि पुढे एक खिळ पुरते, मोटरीने फक्त ढकलायचं. खिळीची प्लेट मामांनी कापून ठेवली आहे. मधोमध बेअरिंग बसवायचं की टेम्पोचा तो क्रॉस, एवढंच त्यांनी अजून ठरवू दिलेलं नाही.